अंतकाळची शुश्रूषा

कर्जतच्या रेल्वेस्थानकाच्या निकट भिसेगाव वसलेले आहे. बोरघाट चढण्यापूर्वी गाड्या जेथे क्षणभर विसावतात, तेथलीच ही वस्ती. पहाटेच्या लोकलगाडीने येथून मुंबईस जाणाऱ्यांची दाटी नित्याची आहे. कोणी कचेरीत जाणारा, कोणी कारखान्यात, कोणी महाविद्यालयात. त्यांच्याच गर्दीत एखादे वेळी एक निराळा प्रवासी दृष्टीस पडतो. गळ्याभोवती उपरणे गुंडाळलेले, मांडीवर क्ष-किरणांच्या चित्रांची पिशवी आणि शेजारी अवघडून बसलेला मुलगा अथवा सून. शंभर किलोमीटरांचा प्रवास करून तो परळच्या टाटा रुग्णालयात जावयाचा असतो. अशांपैकी कित्येक बरे होऊन परततात. परंतु कित्येकांना एके दिवशी असे सांगण्यात येते की, आता शस्त्रक्रियेचा, किरणांचा वा औषधांचा उपयोग होण्याजोगा नाही. यापुढे दुःख कमी करावयाचे, एवढेच हाती आहे.

वैद्यकाचे काम तेथे आटोपते असे पूर्वी मानीत. शुश्रूषेचे काम मात्र तेथून पुढेच खऱ्या अर्थाने सुरू होते. दिवसा डॉक्टर येतात, आप्त येतात, समाचाराला शेजारी येतात. पण रात्री दोन वाजता, वॉर्डातील दिवे मंद झाले असता, जागा असतो तो रोगी आणि जागी असते ती परिचारिका. त्या वेळी रोगी तिला हळूच विचारतो, "सिस्टर, मी बरा होईन ना?" किंवा, "मी कोणाचे काय वाईट केले होते, म्हणून हे माझ्या वाट्यास आले?" या प्रश्नांना औषधाच्या कपाटात उत्तर नाही. तिने काय उत्तर द्यावे? देवाचे नाव घ्यावे काय? खोटी आशा लावावी काय? की ऐकले न ऐकलेसे करून उशी नीट करावी आणि पुढील खाटेकडे वळावे? कर्करोग्याच्या आत्मिक शुश्रूषेसंबंधी परिचारिकांचे काय मत आहे, हा प्रश्न अलीकडे विद्वानांच्या चर्चेचा झाला आहे. परंतु त्याचा इतिहास फार जुना असून त्यातील काही पाने आपल्याच मुलखात लिहिली गेलेली आहेत.

कर्जतपासून थोड्याच अंतरावर, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास ती खोदली गेली. पावसाळ्यात तेथे वस्ती करून राहणाऱ्या भिक्षूंना विनयपिटकातील एक कथा निश्चितच परिचयाची असली पाहिजे. अतिसाराने पीडित झालेला एक भिक्षू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला बुद्धाने पाहिला. त्याची काळजी कोणीच घेत नव्हते, कारण तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. बुद्धाने व आनंदाने स्वहस्ते त्याला धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि मग संघाला एकत्र करून सांगितले की, येथे तुम्हांला आईबाप नाहीत. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर ती कोण करणार? त्याच ठिकाणी रुग्णसेवकाचे गुण सांगितलेले आहेत. औषध तयार करता यावे, पथ्यापथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची व वांतीची किळस मानू नये, आणि योग्य वेळी धर्माच्या बोलण्याने रोग्याचे मन प्रसन्न करता यावे. या पाचव्या गुणात 'योग्य वेळी' असे जे म्हटले आहे, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. धर्माची गोष्ट केव्हाही आणि कोणालाही सांगावी, असे तेथे म्हटलेले नाही. ती आधी रोग्याला धुऊन पुसून निजविल्यानंतरची आहे, हेही त्या कथेच्या क्रमावरून स्पष्ट होते.

चरकसंहितेतही परिचारकाचे चार गुण दिलेले आहेत. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. चारांपैकी एक गुण हा निव्वळ हृदयाचा आहे. 'शुश्रूषा' या शब्दाची व्युत्पत्ती पाहिली तर आणखी एक मौज दिसते. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. गुरूचे ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञाधारकता, त्यावरून सेवा आणि सरतेशेवटी रोग्याची सेवा, असा तो अर्थ विस्तारत गेला. प्रारंभी मात्र तेथे कान होता, हे विसरून चालावयाचे नाही.

मध्यंतरीच्या शतकांत महाराष्ट्रात मरण हे घरातच येत असे. माजघरात अंथरूण, उशाशी आई किंवा सून, आणि अखेरची घटका जवळ आली म्हणजे तुळशीपत्र व गंगोदक. वारकऱ्यांच्या घरी हरिपाठ, कोठे विष्णुसहस्रनाम, मुसलमानांच्या घरी यासीनचे पठण, ख्रिस्ती घरी धर्मगुरूच्या हातून तैलाभ्यंग. प्रत्येक घराची रीत निराळी असली तरी एक गोष्ट समान होती. मरणाऱ्याची भाषा आणि शुश्रूषा करणाऱ्याची भाषा एकच असे. आत्मिक सांत्वन हे निराळे कार्य आहे, असे कोणाच्या मनातही येत नसे. रुग्णालय आले, आणि ही एकता तुटली. एका धर्माचा रोगी, दुसऱ्या धर्माची परिचारिका, शेजारच्या खाटेवर तिसऱ्याच प्रांताचा मनुष्य, अशी परिस्थिती प्रथमच उद्भवली. आजचा प्रश्न जन्मास आला तो येथेच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बोरघाटात एक प्रचंड काम चालले होते. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत पोहोचली होती. पुढे घाट चढून जाण्यासाठी बोगदे व पूल बांधण्याचे काम १८६३ साली पुरे झाले. कर्जतच्या डोक्यावरील त्या डोंगरात पटकी व ताप यांनी हजारो मजूर बळी पडले. कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ साली येथे आल्यावर थोड्याच अवधीत मरण पावले, आणि त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी ते कंत्राट पुढे चालविले. मजुरांच्या मरणसमयी त्यांच्या उशाशी बसावयास शिकलेली परिचारिका असणे शक्यच नव्हते, कारण तो धंदाच त्या वेळी जन्म घेत होता. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शिक्षणशाळा उघडली. ज्या १८६३ साली बोरघाट खुला झाला, त्याच साली हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याविषयी नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या अहवालामागे नाइटिंगेलबाईंचे अपार परिश्रम होते.

नाइटिंगेलबाईंची वृत्ती धार्मिक होती; रुग्णसेवा ही त्यांना ईश्वरी आज्ञाच वाटे. तथापि १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या इस्पितळात गेल्या, तेव्हा त्यांत रोमन कॅथॉलिक जोगिणी होत्या, इंग्लिश पंथाच्या भगिनी होत्या आणि कोणत्याच संघातील नसलेल्या स्त्रियाही होत्या. कोण कोणाला आपल्या पंथात ओढते, यावरून तेथे मोठे वाद माजले. रोग्याच्या खाटेजवळ धर्मप्रचार करावयाचा नाही, असा दंडक नाइटिंगेलबाईंनी घालून दिला. पुढे त्यांनी शुश्रूषेवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्यात खोट्या आशा व फुकट उपदेश यांचा समाचार घेणारे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. रोग्याला आपली प्रकृती कळत असते. 'तुम्ही लवकरच बरे व्हाल' असे भेटीस येणाऱ्यांनी वारंवार म्हटल्याने त्याला धीर येत नाही, उलट आपले दुःख बोलून दाखविण्याची वाट बंद झाल्याने तो अधिकच एकाकी होतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. रात्री दोन वाजता विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची दोन उत्तरे अशा रीतीने त्यांनी आरंभीच बाद ठरविली. धर्मप्रचार नको, आणि खोटी आशाही नको.

आपल्याकडे ही विद्या आली ती काही अंशी सरकारी इस्पितळांतून आणि काही अंशी मिशनऱ्यांच्या हातून. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले, तर मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय स्थापिले. मिशनच्या दवाखान्यांनी केलेली सेवा अमोल आहे, याविषयी दुमत होऊ नये. परंतु दुखण्याने गांजलेला मनुष्य हा उपदेश नाकारण्याच्या स्थितीत नसतो, अशी शंका त्या काळच्या समाजाला येत असे, आणि ती अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूने आपल्या समाजाचा दोष याहून मोठा होता. परक्याच्या जखमा धुणे, त्याचे मलमूत्र काढणे हे काम कुलीन स्त्रीने करावयाचे नाही, असा समज येथे दृढमूल झालेला होता.

त्या समजावर पहिला आघात करणाऱ्यांत सावित्रीबाई फुले यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. पुण्याच्या प्लेगात रोग्यांची सेवा करीत असता त्यांनाच तो रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. दुसरे नाव रमाबाई रानडे यांचे. १९०९ साली पुण्यास सेवासदनाची स्थापना झाली. रमाबाई त्याच्या अध्यक्षा, तर गोपाळ कृष्ण देवधर हे कार्यवाह. ससून रुग्णालयात शुश्रूषेचे शिक्षण घेण्यासाठी सेवासदनाने विद्यार्थिनी पाठविण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांत तरुण विधवा होत्या. घरात ज्यांना अपशकुनी मानून कोपऱ्यात बसविले जाई, त्याच स्त्रिया परक्या रोग्याच्या उशाशी धैर्याने उभ्या राहिल्या. लोकांनी टीका केली, टवाळीही केली. परंतु रमाबाई ढळल्या नाहीत. या घटनेत एक गोष्ट आत्मिक शुश्रूषेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जिने स्वतः शोक भोगला आहे, तिला दुसऱ्याचा शोक समजावून सांगावा लागत नाही. महाराष्ट्रातील शुश्रूषेच्या धंद्याचा पाया ज्यांनी घातला, त्यांत अशा शोक भोगलेल्या स्त्रिया होत्या.

आता परळकडे वळावयाचे. खोपोलीचे जलविद्युतगृह १९१५ साली आणि कर्जतजवळचे भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज उत्पन्न करण्याची वडिलांची कल्पना सर दोराबजी टाटा यांनी सिद्धीस नेली; कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांशी त्यांचा असा संबंध आहे. त्यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि १९३१ साली त्या इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये निवर्तल्या. पैशाची कमतरता नव्हती, उत्तमोत्तम वैद्यांचा सल्लाही मिळत होता; रोगापुढे मात्र काही चालले नाही. पुढल्याच वर्षी, १९३२ साली, सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून उभे राहिलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे उघडण्यात आले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ साली अणुशक्ती विभागाकडे गेले. खोपोलीचे पाणी आणि परळचे रुग्णालय यांत असा एका कुटुंबाच्या दुःखाचा धागा आहे.

या रुग्णालयाने लक्षावधी लोकांना जीवदान दिले. परंतु आपल्या देशात रोगी वैद्यापर्यंत पोहोचतो तोच बहुधा उशिरा. तोंडातील व्रणाकडे दुर्लक्ष केलेले, स्तनातील गाठ संकोचाने लपविलेली, पैशाची जुळवाजुळव होईतो महिने गेलेले. त्यामुळे बरे करण्याच्या पलीकडे गेलेल्या रोग्यांची संख्या मोठी राहिली. त्यांचे काय करावयाचे, याचे उत्तर मात्र जगातच कोठे नीट दिले गेले नव्हते. ते उत्तर शोधले एका परिचारिकेने.

सिसिली सॉन्डर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सेंट टॉमसच्या नाइटिंगेल शाळेतच परिचारिकेचे शिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, म्हणून त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८ साली डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगाने मरणोन्मुख असता त्यांच्या सान्निध्यात आला. त्याला ना घर, ना कुटुंब, ना आपण जगून काही केले असा संतोष. दोघांच्या भेटींत या एकाच विषयाचे बोलणे होई की, अशा माणसांना शेवटचे दिवस काढण्यास जागा कशी असावी. मरताना त्याने ५०० पौंड त्यांच्या स्वाधीन केले आणि अशा घराची एक खिडकी आपण व्हावे, अशी इच्छा व्यक्त केली. त्या जागेसाठी सिसिलीबाईंनी पुन्हा अभ्यास केला, १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हे शुश्रूषागृह उभे राहिले. कर्करोग्याची वेदना ही केवळ शरीराची नसते. तीत मनाचे दुःख, संसाराची व पैशाची चिंता आणि 'हे सर्व कशासाठी' ही आत्म्याची तळमळ एकत्र मिसळलेली असते, हा त्यांचा सिद्धांत 'समग्र वेदना' या अर्थाच्या नावाने आज सर्वत्र ओळखला जातो. सिसिलीबाई स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. ज्याच्यापासून त्यांना ही दृष्टी मिळाली तो मनुष्य मात्र परधर्मी होता आणि बऱ्याच अंशी श्रद्धेला पारखा झालेला होता. त्यांनी त्याला आपल्या धर्मात आणले नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेतले.

याच सुमारास शुश्रूषेच्या शास्त्रानेही हा विषय आपल्या कक्षेत घेतला. अमेरिकन परिचारिका व्हर्जिनिया हेंडरसन यांनी शुश्रूषेची १४ मूलभूत अंगे सांगितली, त्यांत श्वासोच्छ्वास, आहार, निद्रा यांच्या पंक्तीला रोग्याला आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करण्यास साह्य करणे हेही एक अंग आहे. त्यांनी केलेल्या शुश्रूषेच्या व्याख्येत रोग्याच्या शांत मृत्यूलाही स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली उपशामक शुश्रूषेची जी व्याख्या केली, तीत शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आत्मिक असे चारही प्रकारचे दुःख अंतर्भूत आहे. सारांश, रात्री दोन वाजताचा तो प्रश्न परिचारिकेच्या कर्तव्याबाहेरचा आहे, असे आता कोणास म्हणता यावयाचे नाही.

आपल्या देशातील पहिले असे शुश्रूषागृह मुंबईतच निघाले. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. ल्युइस जोस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, शांती अवेदना सदन स्थापिले. पुढे त्याच्या शाखा गोव्यात व दिल्लीत निघाल्या. तेथे कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रोग्यांची शुश्रूषा जातिधर्माचा विचार न करता विनामूल्य केली जाते. पुण्यात वारजे येथे १९९७ साली सिप्ला संस्थेने असेच केंद्र सुरू केले, आणि रोग्याबरोबर त्याच्या घरच्या माणसांनाही तेथे शुश्रूषा शिकविण्याची प्रथा पडली. केरळात १९९३ साली कोझिकोडे येथे आरंभलेल्या कार्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच रोग्याची काळजी घ्यावयाची, अशी चळवळ गावोगाव पसरली. टाटा रुग्णालयात या शास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला, आणि २०१२ साली तेथे या विषयाचे उच्च वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले.

या ठिकाणी काम करणाऱ्या परिचारिकांचे अनुभवाने बनलेले मत कोणते? देशोदेशी त्यांना हा प्रश्न विचारण्यात आला आहे, आणि उत्तरांत विलक्षण साम्य आढळते. पहिली गोष्ट त्या सांगतात ती अशी की, आत्मिक शुश्रूषेचा आरंभ वेदनाशमनापासून होतो. जो मनुष्य वेदनेने गुरासारखा ओरडत आहे, त्याला ईश्वराचे स्मरण करण्यास सांगणे ही क्रूरता होय. आपल्या देशाच्या इतिहासात या बाबतीत एक दुःखद प्रकरण आहे. औषधी अफूचे उत्पादन करणाऱ्या जगातील प्रमुख देशांत हिंदुस्थानची गणना होते. परंतु १९८५ सालच्या अमली पदार्थांच्या कायद्यातील कडक कलमांमुळे त्याच अफूपासून होणारे मॉर्फिन येथल्या रोग्यांना मिळणे दुरापास्त झाले. परवान्यांच्या भानगडी नकोत म्हणून दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होईतो किती रोगी विव्हळत गेले, याची गणती कोणी ठेवलेली नाही. जखम स्वच्छ धुणे, तिची दुर्गंधी घालविणे, म्हणजे नातवाला आजोबांच्या जवळ बसता येईल, हीही परिचारिकांच्या दृष्टीने आत्म्याचीच शुश्रूषा आहे. विनयपिटकातील क्रम येथे पुन्हा दिसतो. प्रथम धुणे, नंतर धर्म.

दुसरी गोष्ट अशी की, आत्मिक गरज आणि धार्मिक गरज या नेहमी एकच नसतात. एखाद्याला अभंग ऐकावयाचा असतो, एखादीला जपमाळ हातात हवी असते. ती व्यवस्था करणे अवघड नाही. परंतु पुष्कळदा रोग्याच्या मनात निराळेच शल्य असते. धाकट्या भावाशी शेताच्या बांधावरून वीस वर्षे बोलणे नाही; मुलीचे लग्न राहिले आहे; तंबाखू सोडली असती तर मुले उघड्यावर पडली नसती. अशा वेळी 'हे तुमच्या पूर्वजन्मीचे भोग' असे म्हणणारा मनुष्य, हेतू चांगला असला तरी, जखमेवर मीठ चोळतो. परिचारिका कर्मसिद्धांताचे खंडनही करीत नाही आणि मंडनही करीत नाही. ती विचारते, "आजोबा, भावाला निरोप पाठवू का?" मरणाच्या आधी बांधाचा तंटा मिटला, तर तो रोगी औषधावाचून त्या रात्री झोपतो, असा अनुभव सांगितला जातो.

तिसरी गोष्ट सत्यासंबंधी आहे आणि ती आपल्याकडे फार बिकट होऊन बसते. घरची मंडळी परिचारिकेला बाजूस घेऊन सांगतात, "बाई, त्यांना काही कळू देऊ नका." रोगी तिलाच विचारतो, "बाई, घरचे काय लपवीत आहेत?" दोन्ही बाजूंच्या मायेत ती सापडते. रोगाचे निदान सांगण्याचा अधिकार तिचा नाही. खोटे बोलणे तिच्या मनाला पटत नाही. अनुभवी परिचारिका येथे एक मध्यम मार्ग काढतात. त्या उलट विचारतात, "तुम्हांला काय वाटते?" बहुतेक वेळा रोग्याला सर्व ठाऊक असते. त्याला वार्ता नको असते. आपल्याला ठाऊक आहे हे कोणाजवळ तरी बोलता यावे, एवढेच त्याला हवे असते.

आणि चौथी गोष्ट, जी त्या संकोचाने सांगतात, ती अडचणींची आहे. एका परिचारिकेकडे इतके रोगी असतात की, सलाईन बदलणे, औषधे देणे व नोंदी करणे यांतच रात्र सरते. खाटेच्या कडेला पाच मिनिटे बसणे हे काम आहे, असे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. वरिष्ठांना तो आळस वाटण्याचा संभव असतो. शिक्षणात या विषयाला मिळालेली जागा अल्प. आपण मर्यादा ओलांडू, धर्मात ढवळाढवळ केल्याचा आरोप येईल, अशी भीतीही असते. शिवाय तिच्या स्वतःच्या दुःखाचे काय? जिच्या हातून दर आठवड्याला कोणी तरी जातो, तिने घरी जाऊन मुलांना हसतमुखाने जेवू घालावयाचे असते. १९९४ साली स्थापन झालेली उपशामक शुश्रूषेची भारतीय संघटना डॉक्टरांसाठी व परिचारिकांसाठी प्राथमिक अभ्यासक्रम चालविते. परंतु गरजेच्या मानाने हा प्रयत्न थोडाच आहे.

परिचारिकांचे मत खरोखर किती विचारात घेतले जाते, या प्रश्नाचे एक उत्तर परळमध्येच, टाटा रुग्णालयाच्या शेजारच्या केईएम रुग्णालयात मिळाले. ती कथा कर्करोगाची नाही. पण शुश्रूषेच्या इतिहासात तिला वगळता येणार नाही. तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ साली अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अचेतनप्राय अवस्थेत गेल्या. पुढे ४२ वर्षे त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, जुन्या निवृत्त होऊन नव्या आल्या तरी, त्यांची सेवा केली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिले नाहीत. त्यांचे जीवन कृत्रिम उपायांनी लांबवू नये, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा या परिचारिकांनी त्यास विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, त्यात अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातील सेवकवर्गाचा आहे, असे मानण्यात आले. १८ मे २०१५ रोजी अरुणाबाई निवर्तल्या. त्या विशिष्ट प्रश्नावर मतभेद असू शकेल. पुढे २०१८ साली न्यायालयानेच सन्मानाने मरण्याचा अधिकार व्यापक रूपात मान्य केला. परंतु जिने रोज अंग पुसले, भरविले, कूस बदलली, तिच्या मताला न्यायासनापुढे वजन आले, ही घटना लहान नव्हे. सेवासदनाच्या मुलींना ज्या पुण्यात टवाळी सोसावी लागली, त्या काळापासून येथपर्यंतचे अंतर शंभर वर्षांचे आहे.

भिसेगावचा तो प्रवासी शेवटी गाडीने घरी परत येतो. आपल्याकडील बहुतेकांना मरण घरीच यावे असे वाटते, आणि ती इच्छा योग्यही आहे. परंतु घरात मॉर्फिनची गोळी वेळेवर देणारे कोण? मुलाला जे विचारता येत नाही, ते कोणाला विचारावयाचे? केंद्र सरकारने २०१२ साली उपशामक शुश्रूषेचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला, त्याचा उद्देश हाच होता की, ही सेवा महानगरातील चार इमारतींत कोंडून न राहता तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आणि तेथून घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचावी. त्यासाठी नव्या इमारतींपेक्षा शिकलेल्या परिचारिकांचीच आवश्यकता अधिक आहे, आणि त्यांना रोग्याजवळ बसण्यास वेळ मिळेल, अशा व्यवस्थेची.

तोवर घरच्या माणसांनीही या इतिहासातून काही घेण्यासारखे आहे. अंथरूण स्वच्छ ठेवावे. वेदनेची गोळी चुकवू नये. रोग्याला ज्या देवाचे नाव हवे असेल ते कानी पडू द्यावे, आणि नको असेल तर त्याविषयी आग्रह धरू नये. 'तुम्हांला काही झालेले नाही' असे म्हणण्याचा मोह आवरावा. आणि रात्री त्याने हाक मारली असता दिवा न लावता नुसते जवळ बसावे. तो बोलला तर ऐकावे. न बोलला तरी उठू नये.